तिठ्यावरची बाई

डांबरी रस्ता संपतो तिथून पाखाडी सुरू होते. जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही अंगांना गडगा, मधूनच आडवा वाहणारा पऱ्या. कोकणात उतरलेल्या पाहुण्याला ती देखणी वाटते आणि ती देखणी असतेही. चिरा आडवा टाकला की पायरी सात इंचांच्या आसपास उंच होते. एखादा चिरा खचला की तेवढीच पायरी नऊ-दहा इंचांची होते आणि पाय नेमका तिथेच अडखळतो. मिरगाच्या पावसानंतर दगडावर शेवाळ धरतं, ते थेट दसऱ्यापर्यंत सुटत नाही. अशा साठ पायऱ्या म्हणजे पस्तीस फुटांचा सरळ चढ.

या साठ पायऱ्यांच्या वर कोण राहतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. सगळीकडे नसेल, पण पुष्कळ गावांत देऊळ, शाळा, ग्रामपंचायत, किराणा आणि एसटीचा थांबा मधोमध असतात, आणि बौद्धवाडी एका टोकाला. कातकरी आदिवासींची वस्ती त्याहून लांब, बहुधा कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तो व्हायलाच हवा होता. पण वाडीची जागा आणि तिथवरची वाट नावाबरोबर बदलत नाही.

समजा, त्या वरच्या वाडीत चाळिशीतली एक बाई आहे. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय अधू. नवरा वारलेला. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला १५ टक्के पैसा मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. कागदावर ही बाई तिन्हींत बसते. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघू. दिव्यांगांच्या पैशातून तिला तीनचाकी सायकल मिळते. सायकल साठ पायऱ्या चढत नाही, म्हणून ती खाली रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी राहते आणि दोन पावसाळ्यांत गंजते. महिलांच्या पैशातून शिवणवर्ग निघतो, तो देवळाच्या सभागृहात. एक तर तिथवर उतरायचं, आणि मग पायाने चालवायच्या मशीनवर बसायचं. मागासवर्गीयांच्या पैशातून वाडीत समाजमंदिराची दुरुस्ती होते. तिच्या वाटची पाखाडी कुणाच्याच यादीत नसते, कारण दिव्यांगांची यादी करणाऱ्याला वाडी दिसत नाही आणि वाडीची यादी करणाऱ्याला तिचा पाय दिसत नाही. पैसे कुणी खाल्ले नाहीत, नियम कुणी मोडला नाही. तिन्ही खात्यांचा खर्च शंभर टक्के दाखवता येतो, आणि ही बाई होती तिथेच असते.

याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे इंटरसेक्शनॅलिटी. मराठीत कुणी आंतरछेदिता म्हणतं. दोन्ही शब्द जिभेला जड आहेत. आपल्याकडे तीन वाटा मिळतात त्या जागेला तिठा म्हणतात, आणि मूळ कल्पनेच्या तो फार जवळचा आहे. किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय अमेरिकी कायदेतज्ज्ञ बाईंनी १९८९ मध्ये हा शब्द मांडला, तेव्हा त्यांनी रस्त्यांच्या चौकाचंच उदाहरण दिलं होतं. चौकात उभ्या माणसाला धडक कुठल्याही रस्त्यावरून आलेल्या गाडीची बसू शकते, कधीकधी सगळ्याच रस्त्यांवरून आलेल्या गाड्यांची.

त्यांच्यासमोर एक खरा खटला होता. पाच कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्स कंपनीवर भरलेला, १९७६ चा. १९६४ पूर्वी ही कंपनी कृष्णवर्णीय बायकांना कामावर घेतच नव्हती. पुढे मंदी आली, शेवटी लागलेल्यांना आधी काढायचं या नियमाने कपात झाली, आणि १९७० नंतर लागलेल्या कृष्णवर्णीय बायका एकजात घरी गेल्या. न्यायालयाने म्हटलं, कंपनीने बायका घेतल्या आहेत, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. वंशाची तक्रार असेल तर ती वेगळी मांडा. घेतलेल्या बायका गोऱ्या होत्या, कचेरीत बसणाऱ्या. घेतलेले कृष्णवर्णीय पुरुष होते, कारखान्यात राबणारे. कृष्णवर्णीय बाई दोन्ही हिशोबांतून गळाली. आपल्या वरच्या वाडीतल्या बाईचं जे तीन खात्यांत होतं, तेच हे.

पण हा विचार अमेरिकेतून आयात करावा लागला असं मानायचं कारण नाही. महाडला चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला, तो पाण्यासाठी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा मुंबई विधिमंडळातला बोले ठराव १९२३ चाच होता; महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचंही कागदावर होतं. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, त्या वेळी बाबासाहेब खास बायकांशी बोलले. लुगडं नेसायची पद्धत बदला, जात ओळखू येईल असे दागिने अंगावरून उतरवा, असं त्यांनी सांगितलं. याचा अर्थ नीट पाहावा. जात पुरुषाच्या अंगावर जेवढी दिसायची त्याहून अधिक बाईच्या अंगावर दिसायची: नेसण्यात, गळ्यात, हातात. पाण्याचा हक्क मागताना ही गोष्ट वेगळी सांगावी लागते, हे तिथे १९२७ मध्ये कळलेलं होतं. पुढे खोतीविरुद्धच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदार खोतांविरुद्धच्या, लढ्यात कोकणातली कुळं, कुणबी आणि महार दोघंही, १० जानेवारी १९३८ ला मुंबईत एकत्र मोर्चाने गेली. खोताच्या पायरीवर जमिनीचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकदमच उभे राहत होते.

आता गावकीकडे, म्हणजे गावाचा कारभार परंपरेने पाहणाऱ्या मंडळीकडे, येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक बायका होत्या. पुरुष चाकरमानी म्हणून मुंबईला, घर-शेती-म्हातारी माणसं बायकांच्या गळ्यात. तरी गावकीची बैठक बसते ती ‘घरटी एक’ या हिशोबाने, आणि त्या ‘एक’चा अर्थ पुरुष असाच घेतला जातो. नवरा मुंबईत असेल तर दीर येतो. नवरा नसेल तर त्या घराचं म्हणणं तिथे पोचत नाही. वर्गणी मात्र त्या घराकडूनही घेतली जाते.

गावकीच्या हातातलं जुनं हत्यार म्हणजे वाळीत टाकणं. ते कसं चालतं हे ज्याने पाहिलं त्याला शिमग्यातली पालखी लक्षात राहते. ढोल वाजत येतात, पालखी घरोघर खळ्यात नाचवली जाते, सुवासिनी ओट्या भरतात, आणि एका घराच्या गडग्याशी आल्यावर भोई वाट बदलतात. घरातली माणसं आरतीचं ताट घेऊन पायरीवर उभी असतात. मग दुकानात उधारी बंद होते, लावणीला हात मिळत नाहीत, मयताला खांदा मिळत नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला. असा स्वतंत्र कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगड जिल्ह्यातल्या वाळीत प्रकरणांनी या कायद्याची गरज आधीच ठळक केली होती.

या कायद्याची एक बारीक बाजू तिठ्यावरच्या माणसाला फार महाग पडते. हा कायदा एका समाजाने आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकल्यावर लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला बाहेरच्यांनी बहिष्कृत केलं तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९, लागतो. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा नेमका नोंदवला गेला. आता बौद्ध मुलगी आणि कुणबी मुलगा यांनी लग्न केलं आणि मुलाच्या गावकीने त्या घराला वाळीत टाकलं, असं धरा. एकाच दिवशी, एकाच बैठकीत, एकाच निर्णयाने दोन वेगळे गुन्हे घडले: नवऱ्याच्या बाबतीत २०१६ च्या कायद्याखाली, बायकोच्या बाबतीत १९८९ च्या. लग्नाने बाईची जन्माची जात बदलत नाही. पण पोलीस ठाण्यात तक्रार सांगायला जातो बहुतेक वेळा नवरा किंवा सासरा, आणि तिचं नाव ‘तक्रारदाराची पत्नी’ एवढंच उरतं. तिच्या जातीचा उल्लेख राहून जातो. तो राहिला की कडक कायदा हातातून गेला. त्यात तिचा जातीचा दाखला वडिलांच्या कागदांवरून निघतो, म्हणजे माहेरी जायला हवं. माहेर तुटलेलं असेल तर पहिली अडचण तिथेच.

भेदभावाचे कायदे एकेका कारणाने लिहिलेले असतात, म्हणून हे होतं. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांची यादी आहे आणि तिच्याआधी ‘केवळ’ हा शब्द आहे. त्या ‘केवळ’चा अर्थ अनेक वर्षं अरुंद लावला गेला. १९८१ च्या एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या बाळंतपणाला नोकरी संपवणारी अट रद्द केली, पण केवळ लिंगावरून नसलेला, लिंगाबरोबर इतर कारणंही असलेला फरक या मनाईत बसत नाही, असंही म्हटलं. मला हे वाचन पटत नाही. त्याच वाक्यात ‘यांपैकी कोणत्याही’ असंही लिहिलेलं आहे. कारणं दोन असली म्हणून मनाई सैल होत नाही. २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालातही या अरुंद वाचनावर टीका झाली.

आणि मग २७ एप्रिल २०२१ चा निकाल. आंध्र प्रदेशातली जन्मांध, अनुसूचित जातीतली, बावीस वर्षांची मुलगी. तिच्यावर बलात्कार झालेला. सर्वोच्च न्यायालयाने या निकालात जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येतात तेव्हा काय होतं याची सविस्तर चर्चा केली. अपंग साक्षीदाराची साक्ष कमी वजनाची मानायची नाही, हेही स्पष्ट केलं. बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची शिक्षा टिकली नाही, कारण गुन्हा तिच्या जातीच्या ‘कारणावरून’ झाला हा पुरावा नव्हता. घटना २०११ ची होती. २६ जानेवारी २०१६ पासून हा शब्द बदलला आहे: पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे आरोपीला ‘माहीत होतं’ एवढं पुरे, आणि आरोपीची त्या घराशी ओळख असेल तर त्याला ते माहीत होतं असंच न्यायालय धरून चालतं. कोकणातल्या गावात, जिथे माणसाची वाडी सांगितली की सगळं कळतं, तिथे हा बदल फार मोलाचा आहे.

एक फट मात्र अजून उघडी आहे. जातीवरून शिवीगाळ हा गुन्हा लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना घडला तर तो या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. पुरुषाचा अपमान बहुधा नाक्यावर, शेताच्या बांधावर, पंचायतीत होतो. घरकाम करणाऱ्या बाईचा होतो तो दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. वेगळा कप, मोरीशीच बसायची जागा आणि वर दोन शब्द, हे सगळं दार लावलेल्या घरात. नियम सर्वांना सारखाच आहे, पण तिला तो सर्वांत कमी उपयोगी पडतो.

म्हणून तक्रार लिहिताना पहिला कागद सर्वांत जपून लिहावा. पुढचे वकील कितीही चांगले असले तरी पहिल्या जबाबातली चूक दुरुस्त करायला वर्षं जातात. सर्वांत जास्त नडणारे शब्द ठाण्यात सहज लिहिले जातात: ‘किरकोळ वादातून’, ‘जुन्या जमिनीच्या वादातून’. या तीन-चार शब्दांनी जात आणि बाईपण दोन्ही कारणं पुसली जातात. जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नये. काय बोलले ते शब्द जसेच्या तसे, मालवणीत असतील तर मालवणीत, लिहून घ्यायला सांगावं. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढ्याने भागत नाही. कुठे, किती वाजता, समोर कोण होतं. आरोपी किती वर्षांपासून ओळखतो, म्हणजे त्याला जात माहीत असल्याचं त्यातून आपोआप येतं. अपंगत्व असेल तर टक्केवारीसकट, आणि त्यामुळे त्या क्षणी काय करता आलं नाही: पळता आलं नाही, ओरडता आलं नाही, चेहरा दिसला नाही पण आवाज ओळखला.

लैंगिक गुन्ह्यात अपंग बाईचा जबाब तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी घ्यायची, दुभाषा किंवा विशेष शिक्षक सोबत ठेवायची आणि चित्रीकरण करायची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. हे मागून घ्यावं लागतं, आपण होऊन क्वचितच मिळतं. अत्याचार कायद्याखालचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि आरोपपत्र साठ दिवसांत जायला हवं. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तक्रार लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. वकिलाचा खर्च नसेल तर १९८७ च्या कायद्याने बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, फोन १५१००. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला आणि तिथे दहापेक्षा कमी माणसं असली, जशी काजूच्या लहान कारखान्यांत किंवा घरकामात असतात, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. हे तीन महिने बाईला धीर गोळा करण्यातच जातात. सबळ कारण दिलं तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात.

सगळी लेबलं एका बाईला चिकटवून अर्ज जड करावा, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. मारी मात्सुदा या कायदेतज्ज्ञ बाईंनी १९९१ मध्ये एक साधी रीत सांगितली होती: दुसरा प्रश्न विचारा. जातीचा प्रकार दिसला तर यात बाई कुठे आहे ते विचारा. बाईचा दिसला तर यात पैसा आणि जमीन कुठे आहे ते विचारा. वीटभट्टीवर हे करून पाहावं. रायगडातले कातकरी पावसाळा सरला की उचल घेऊन भट्टीवर जातात. ठेकेदार मजुरी धरतो ती ‘जोडी’ची, हजार विटांमागे. माती कालवणं, विटा पाडणं, वाहणं यात बाई बरोबरीने असते, पण वहीत नाव नवऱ्याचं. वेठबिगारीचा प्रश्न विचारला तर नवरा सापडतो. दुसरा प्रश्न विचारला तरच बायको सापडते. याचा रोकडा फरक पडतो: केंद्राच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख आहेत आणि बाईला दोन लाख. पण मुक्ततेचं प्रमाणपत्र तिच्या स्वतःच्या नावाने निघालं तर. जोडीचं एकच प्रमाणपत्र निघालं तर तिचे दोन लाख गेले. तीच गोष्ट जमातीच्या दाखल्याची. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि ज्याच्या नावावर सात-बारा कधीच नव्हता त्याच्याकडे तो कुठून असणार? तिथे गृहचौकशीचा, म्हणजे अधिकाऱ्याने घरी येऊन करायच्या चौकशीचा, आग्रह धरावा, तोही शिमग्यानंतर नाही, भट्टीवर जायच्या आधी, माणसं वाडीत असताना.

आकडे गोळा करतानाही दुसरा प्रश्न हवा. गावात दिव्यांग किती, एवढं विचारून भागत नाही. त्यात बायका किती, कुठल्या वाडीतल्या, त्यांतल्या कितींना खाली उतरता येतं? मात्र लहान गावात अशी यादी फलकावर लावू नये. ‘अमुक वाडी, विधवा, अंध’ एवढं लिहिलं की नाव न घालताही माणूस उघडा पडतो. यादी ग्रामसेवकाकडे ठेवावी, सभेत फक्त काम सांगावं.

आता पुन्हा त्या साठ पायऱ्यांकडे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार काढायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. पस्तीस फुटांच्या चढाला चारशे वीस फूट. डोंगरउतारावर ते बहुधा होत नाही, आणि तेवढ्यावर फाईल बंद केली जाते. पण कुबडीवर चालणाऱ्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला, डोक्यावर हंडा असलेल्या पोरीला आधी दुसरंच हवं असतं. सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या, दीडशे मिलिमीटरच्या आत, पाऊल ठेवायला तीनशे मिलिमीटर रुंद. दहा-बारा पायऱ्यांनंतर टेकायला सपाट जागा. दोन्ही बाजूंना धरायला नळी, साधारण नव्वद सेंटिमीटरवर एक आणि तिच्याखाली शहात्तरवर दुसरी. नळी जस्ताचा मुलामा असलेली, कारण खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही. पऱ्याच्या जागी मोरी, म्हणजे पायरीवरून पाणी वाहणार नाही आणि शेवाळ कमी धरेल. पायऱ्या आणि मोरी मागासवर्गीयांच्या १५ टक्क्यांतून, नळी दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून, वाटेवरचा दिवा महिलांच्या १० टक्क्यांतून: एकच ठराव, एकच अंदाजपत्रक, तीन लेखाशीर्षं.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती सभा देवळाच्या सभागृहात न भरवता पाखाडीच्या वर, त्या वाडीत भरवावी. सरपंच, सदस्य, ग्रामसेवक सगळे साठ पायऱ्या चढून येतील. १ मे ची ग्रामसभा गाठली आणि ठराव झाला, तरी मिरगाला महिनाभरच उरतो, आणि चिरा बसवायचं काम पावसाआधी उरकावं लागतं. म्हणून २६ जानेवारीच्या सभेतच तो विषय घ्यावा.